माझं चित्र मी देणार नाही

१८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं पूर्ण झाली आणि लंडनमध्ये उत्सवांची नुसती रेलचेल झाली. अर्ल्स कोर्टला एक मोठं प्रदर्शन भरायचं होतं, त्यात नर्सिंगचा स्वतंत्र विभाग ठेवायचं ठरलं. नर्सिंग म्हटल्यावर नाव एकच. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाई तेव्हा ७७ वर्षांच्या होत्या, लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरात बहुतेक वेळ अंथरुणात असायच्या. आपली एखादी तसबीर, क्रिमियाच्या (म्हणजे १८५३-५६ मधल्या रशियाविरुद्धच्या) युद्धातल्या काही वस्तू प्रदर्शनासाठी द्याल का, अशी त्यांच्याकडे विचारणा झाली.

बाई भडकल्या. त्यांनी लिहिलेलं उत्तर त्यांच्या चरित्रात छापलेलं आहे. क्रिमियाच्या युद्धाच्या आठवणी म्हणजे काय, तर त्या युद्धातल्या भयंकर चुकांमधून आणि अडाणीपणातून आपल्याला शिकावे लागलेले धडे. आणि त्यानंतर, शिकून तयार झालेल्या नर्सेस आणि आरोग्यशास्त्राने गाठलेली मजल. माझं खुळचट चित्र (ते माझ्याकडे नाहीच) किंवा दुसरं काहीही मी युद्धाची आठवण म्हणून देणार नाही. असा त्या पत्राचा मतलब. लोकांच्या उथळपणाबद्दल वर चार कडक शब्द आहेत ते वेगळेच.

पुढे लेडी वांटेज यांनी गळ घातली तेव्हा बाई नमल्या. त्यांनी आपला संगमरवरी अर्धपुतळा दिला आणि क्रिमियात वापरलेली घोडागाडी दिली. प्रदर्शनात पुतळ्यापुढे लोक फुलं ठेवू लागले. एक म्हातारा सैनिक आला, गाडीजवळ गेला आणि त्याने तिचा मुका घेतला. फुलांची बातमी कानावर गेली तेव्हा बाईंचा जीव पुन्हा वैतागला.

मला या प्रसंगात दोघंही पटतात. बाईंचा राग शंभर टक्के खरा आहे. आणि त्या सैनिकाला कुठल्या तोंडाने चूक म्हणायचं? त्याच्यापाशी आरोग्यशास्त्राची प्रगती नव्हती. समोर एक गाडी होती. खडबडीत रस्त्यावर बाईंना अपघात झाला म्हणून कर्नल मॅकमर्डो यांनी ती त्यांना दिली होती, आणि युद्ध संपल्यावर भंगारात जाणार होती ती अलेक्सिस सोयर नावाच्या खानसाम्याने वाचवली. सोयर म्हणजे त्या काळचा लंडनमधला नावाजलेला आचारी. सैनिकांच्या तोंडी बरं अन्न पडावं म्हणून आपणहून युद्धावर गेलेला. त्याला कळलं होतं की ही गाडी टाकायची नसते.

अर्धपुतळ्याचंही तसंच. तो १८६२ साली जॉन स्टील यांनी घडवला, आणि त्याचे पैसे ब्रिटिश सैन्यातल्या साध्या शिपायांनी आणि हवालदार-नाईक दर्जाच्या लोकांनी वर्गणी काढून उभे केले होते. चित्रकारांना दारात उभं न करणाऱ्या बाई या पुतळ्यासाठी मात्र बसल्या. राणीने दिलेलं मानाचं पदकही त्यांच्याकडे होतं. राणीच्या नवऱ्याने स्वतः त्याची कल्पना रेखाटलेली, पांढऱ्या मिन्यावर लाल क्रॉस, भोवती हिरे. पण शिपायांच्या पुतळ्यावर त्यांचा जीव जास्त होता असं मला वाटतं.

तशी लपून राहायची त्यांची रीत जुनीच. १८५६ च्या जुलैमध्ये त्या तुर्कस्तानातून निघाल्या तेव्हा इंग्लंडमध्ये मिरवणुका, बँड, स्वागत-कमानी यांची तयारी चालली होती. बाई ‘मिस स्मिथ’ या नावाने प्रवास करत आल्या, डर्बीशरमधल्या छोट्या स्टेशनावर उतरल्या आणि घरापर्यंत चालत गेल्या.

पण लोकांना चेहरा हवा होता. वर्तमानपत्रांतून नाव घराघरात पोचलेलं, मुलींची नावं फ्लोरेन्स ठेवली जात होती, तिच्यावर गाणी छापून विकली जात होती. स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी तर चिनी मातीच्या ‘मिस नाइटिंगेल’ बाहुल्या बाजारात आणल्या. शेल्फवर ठेवायला, चुलीवरच्या फळीवर मांडायला. बाईंचा चेहरा कसा आहे हे त्या कारागिरांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे गोल गुलाबी गालांची, घेरदार झग्याची एक गोड मुलगी तयार झाली. खालचं नाव वाचलं नाही तर ती कुणीही असू शकते. लाखो घरांना मात्र त्याचं काही अडलं नाही.

जेरी बॅरेट नावाचा चित्रकार थेट स्कुटारीला, इस्तंबूलसमोरच्या त्या बराकीच्या इस्पितळात गेला. चित्रासाठी बसा म्हणून त्याने बाईंना विनंती केली, त्यांनी नकार दिला. मग त्याने जमेल तिथून, जमेल तशी रेखाटनं केली आणि १८५७ मध्ये भलंमोठं तैलचित्र पूर्ण केलं. ते आता लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. इस्पितळाच्या दारात जखमी सैनिकांना आत घेताना बाई उभ्या आहेत. अंगावर गडद साधा पोशाख, सगळा उजेड त्यांच्यावर. भोवती अधिकारी, नर्सेस, तुर्की माणसं, आपला तो सोयरही. मागच्या एका खिडकीतून एक माणूस हा सगळा देखावा बघतोय, तो स्वतः बॅरेट. मला चित्राचा तोच कोपरा सर्वांत खरा वाटतो. बाकी सगळं जुळवून मांडलेलं आहे, पण आपल्याला आत बोलावलेलं नाही हे त्या माणसाने प्रामाणिकपणे रंगवून ठेवलं.

मग दिव्याचं. लंडनमध्ये टेम्सच्या काठी सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात नाइटिंगेल म्युझियम आहे, १८६० साली जिथे त्यांनी नर्सिंगची शाळा काढली त्याच संस्थेच्या अंगणात. तिथे आणि नॅशनल आर्मी म्युझियममध्ये स्कुटारीच्या जातीचे कंदील बघायला मिळतात. तुर्की लोक त्याला फानूस म्हणतात. वर आणि खाली धातूची चकती, मधे कापडाची चुण्यांची भिंत, पेटीच्या भात्यासारखी मिटणारी आणि उघडणारी. आत मेणबत्ती लावायची. वापरून झाला की दाबून चपटा करायचा आणि ठेवून द्यायचा. रात्री वाऱ्याच्या लांबलचक बोळांतून चालणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची वस्तू नाही: वारा लागत नाही, मेण सांडत नाही, उजेड झोपलेल्याच्या डोळ्यांवर येत नाही. काचेपलीकडे त्या कापडाच्या मळकट चुण्या बघताना पहिल्यांदा मला त्या इस्पितळातल्या रात्रीची लांबी जाणवली.

आणि आपण जगभर जो दिवा बाईंच्या हातात दिलाय तो हा नाहीच. लंडनच्या वॉटर्लू प्लेसमधल्या १९१५ च्या पुतळ्याच्या हातात आहे तो ग्रीक-रोमन थाटाचा तेलाचा दिवा, चोच असलेला, कानाला धरायचा. लाँगफेलो या अमेरिकन कवीने १८५७ मध्ये कवितेत दिवा घेतलेली बाई आणली आणि मग चित्रकारांना, शिल्पकारांना, नर्सिंगच्या बिल्ले बनवणाऱ्यांना एक सुबक आकार मिळाला. चुण्यांचा कंदील बिल्ल्यावर काढायला अवघडच.

माझी मावशी सिस्टर होती. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागली आणि वॉर्ड इन्चार्ज म्हणून रिटायर झाली. तिच्या ट्रेनिंगच्या वेळचा लॅम्प लायटिंगचा फोटो आमच्याकडे होता: पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात पितळी दिवा, मागे भिंतीवर हार घातलेली नाइटिंगेलबाईंची तसबीर. त्या दिवशी सगळ्याजणी नाइटिंगेल प्रतिज्ञा म्हणतात. ती प्रतिज्ञाही बाईंनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. दिवा त्यांचा नाही, शपथ त्यांची नाही, भिंतीवरचा चेहरा बहुधा कुणीतरी कल्पनेने गोड केलेला. आणि तरी मावशी सांगायची की शपथ म्हणताना तिला रडू आलं होतं. ते रडू अगदी खरं होतं, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

पुढे नोकरीत दर वर्षी १२ मे आला, बाईंचा वाढदिवस, की दवाखान्यात कार्यक्रम. गुलाबाचं फूल, पेढा, साहेबांचं भाषण. ‘तुम्ही देवदूत आहात.’ भाषण संपलं की मावशी वॉर्डात परत. खाटा भरून जमिनीवर गाद्या टाकलेल्या, रात्रपाळीला एकटी सिस्टर, बेसिनच्या नळाला पाणी नाही. नळाबद्दल तिने किती अर्ज केले ते तीच जाणे. अर्जांना उत्तर यायचं नाही, फूल मात्र दर वर्षी यायचं.

हे मी एवढ्यासाठी सांगते आहे की नाइटिंगेलबाईंनी जन्मभर नेमके असेच अर्ज केले. फक्त त्यांचे अर्ज मंत्र्यांच्या टेबलावर आदळायचे. ४ नोव्हेंबर १८५४ ला त्या ३८ नर्सेस घेऊन स्कुटारीला पोचल्या, तेव्हा त्यांच्या मागणीत दिवे नव्हते. घासायचे ब्रश होते, टॉवेल होते, बादल्या, स्वच्छ कपडे, स्वयंपाकघर. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथे दाखल होणाऱ्या दर शंभर सैनिकांमागे सुमारे ४२ मरत होते, आणि हे बाई रोज रात्री वॉर्डातून फिरत असताना. इस्पितळ सांडपाण्याच्या तुंबलेल्या गटारांवर उभं होतं. मार्चमध्ये सरकारने सॅनिटरी कमिशन पाठवलं. गटारं उपसली, पाण्याच्या वाटेत सडलेली जनावरं काढली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत आकडा शेकडा दोनवर आला.

एखादीने आपल्या नावावर एवढी कीर्ती जमा झाल्यावर ही आकडेवारी गुपचूप बाजूला ठेवली असती. बाईंनी ती हातात घेऊन उरलेलं आयुष्य त्याच कामाला लावलं. माणसं गोळ्यांनी कमी आणि घाणीने जास्त मेली, हे डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी १८५८ मध्ये ती प्रसिद्ध गोल आकृती काढली: बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल, बाकीचे काळे. निळ्या पाकळ्या कागदाबाहेर जातील की काय असं वाटतं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, स्त्रियांमध्ये पहिल्याच. नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर मला ही आकृती बघायला फार आवडेल, तसबिरीच्या शेजारी.

आणि मग हिंदुस्थान. क्रिमियातला सगळा काळ मिळून दोन वर्षंही भरत नाहीत. आपल्या देशाच्या प्रश्नांवर त्या चाळीसएक वर्षं काम करत होत्या, तेही इथे एकदाही न येता. क्रिमियात जडलेल्या तापाने शरीर कायमचं मोडलं होतं. पलंगावर, कोचावर बसून, भोवती मांजरं, मांडीवर कागद. त्यांच्या काही पत्रांवर मांजराच्या शाईतल्या पावलांचे ठसे आहेत. इथल्या लष्करी छावण्यांना त्यांनी प्रश्नावली पाठवली, उत्तरांचे ढीग वाचले, आणि १८६३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालासाठी आपली निरीक्षणं लिहिली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत दर वर्षी हजारी ६९ माणसं मरत होती. त्या निरीक्षणांत चित्रं आहेत, त्यांची मावसबहीण हिलरी बोनहॅम कार्टर हिच्या हातची: पाणी वाहणारे भिस्ती, उघडी गटारं, बराकीतली व्यवस्था. सरकारी अहवालात चित्रं कशाला म्हणून कुरकुर झाली. स्वतःचं चित्र काढू न देणारी बाई गटाराच्या चित्रासाठी हटून बसली, याचा मला विलक्षण आनंद होतो.

सुरुवात सैनिकांपासून झाली, पण सैनिकाच्या विहिरीचं पाणी गावाच्या विहिरीपासून वेगळं नसतं हे त्यांना लवकर कळलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचं मैत्र होतं. दुष्काळ, सावकारी पाश, दख्खनच्या रयतेचे हाल यांवर त्यांनी १८७८ मध्ये सणसणीत लेख लिहिला. दख्खनचे शेतकऱ्यांचे दंगे होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. पुढे खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार, दादाभाई नौरोजींच्या ब्रिटिश पार्लमेंटच्या उमेदवारीला पाठिंबा, समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या चरित्राला प्रस्तावना. यातल्या एकाही गोष्टीची तसबीर नाही. पलंगावर बसून पत्र लिहिणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं कोण चित्र काढणार, आणि काढलं तरी कोण हार घालणार?

त्या आपल्या आठवणी कशाला म्हणत होत्या? शिकून तयार झालेल्या नर्सेसना. त्या हिशेबाने १८९१ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत ही त्यांची खरी आठवण. नर्सिंगच्या पुस्तकांत काशीबाईंना एक ओळ असते, प्रशिक्षण घेणारी पहिली हिंदी स्त्री. मावशीला ते परीक्षेत आलं होतं, तिला नाव अजून पाठ आहे. त्या काळात परक्या माणसांची मलमूत्रं काढायचं काम शिकायला घराबाहेर पडलेली मराठी नावाची बाई. तिचं धैर्य कुठल्या बिल्ल्यावर नाही.

म्युझियममध्ये एक वस्तू मात्र आहे जिच्यापुढे मी या कुठल्याही विचाराशिवाय नुसती उभी राहिले. एक भुसा भरलेलं छोटं घुबड. १८५० मध्ये अथेन्सला पार्थेनॉनजवळ काही पोरं त्या पिल्लाला छळत होती, बाईंनी ते सोडवून घेतलं, नाव ठेवलं अथीना, आणि खिशात घालून फिरल्या. स्कुटारीला निघायच्या धांदलीत घरच्यांना घुबडाचा विसर पडला आणि ते मेलं. इतक्या मोठ्या मोहिमेवर निघालेली बाई त्या मुठीएवढ्या पाखरासाठी रडली. तिच्या बहिणीने, पार्थेनोपीने, त्या दोघींचं एकत्र चित्रही काढलेलं आहे: फ्लोरेन्स उभी, शेजारी अथीना ऐटीत बसलेली. घरच्या माणसाने काढलेलं असल्यामुळे असेल, त्यात बाई कुणाला दिसण्यासाठी उभ्या आहेत असं वाटत नाही.

छायाचित्रं थोडीच आहेत. त्यांतलं १८५८ च्या मे महिन्यातलं एक २००६ मध्ये लोकांसमोर आलं. विल्यम स्लेटर नावाच्या औषधविक्रेत्याने एम्बली पार्कच्या घराबाहेर काढलेलं. बाई खुर्चीत बसून वाचताहेत. मान खाली, कॅमेऱ्याची दखलही नाही. केस बारीक कापलेले, क्रिमियातल्या आजारपणानंतरचे. आणि एक शेवटचं, १९१० मधलं, लिझी कॅसवॉल स्मिथ या स्त्री छायाचित्रकाराने टिपलेलं. ती एरवी स्टुडिओबाहेर फोटो काढत नसे. नव्वदीच्या बाई पलंगावर आहेत. २००८ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि साडेपाच हजार पौंड आले.

आवाजही आहे. ३० जुलै १८९० रोजी एडिसनच्या मेणाच्या नळीवर मुद्रित केलेला, क्रिमियातल्या बालाक्लावाच्या लढाईत लढलेल्या आणि आता हलाखीत दिवस काढणाऱ्या जुन्या सैनिकांसाठी निधी जमवायला. मी केवळ एक नाव उरेन तेव्हा माझ्या आवाजाने माझ्या आयुष्याचं काम पुढे न्यावं, असं त्या म्हणतात, आणि जुन्या सोबत्यांना आशीर्वाद देतात. खरखर इतकी की शब्द शोधावे लागतात. चेहरा द्यायला तयार नसलेल्या बाईंनी आवाज दिला, कारण त्यातून कुणाच्या तरी घरात चूल पेटणार होती.

२०२० हे बाईंच्या जन्माचं दोनशेवं वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने ते नर्सेसचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. नेमका कोविड आला. इंग्लंडने प्रदर्शनाच्या दालनांतून घाईघाईने मोठमोठी इस्पितळं उभी केली आणि त्यांना नाव दिलं नाइटिंगेल. लंडनचं तर ३ एप्रिलला सुरू झालं, हजारो खाटांची सोय होईल अशा बेताने. पहिल्या लाटेत तिथे ५४ रुग्णांवर उपचार झाले. पुढे लाट ओसरली हे एक कारण. दुसरं असं की अतिदक्षतेचं काम जाणणाऱ्या नर्सेस पुरेशा नव्हत्या. खाटा होत्या, यंत्रं होती, दारावर बाईंचं नाव होतं. १८९७ चं ते पत्र तेव्हा मला शब्दन् शब्द आठवत होतं.

मावशीला मी ही सगळी चित्रं मोबाईलवर मोठी करून दाखवली. चष्मा लावून तिने एकेक नीट पाहिलं. बॅरेटच्या तैलचित्रावर तिचं बोट सरळ जमिनीवरच्या जखमी माणसावर गेलं. ‘याच्याकडे कुणी बघत का नाहीये?’ म्हणाली, ‘सगळे हिच्याकडे बघताहेत.’ स्लेटरचा फोटो तिला आवडला. बाई किती हडकल्या आहेत, आजारातून उठून दोन-तीन वर्षं झाली तरी अंगावर मांस चढलं नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. १९१० च्या पलंगावरच्या फोटोशी ती बराच वेळ थांबली. मला वाटलं तिला गलबलून आलं असेल.

‘उशा बरोबर दिल्यात,’ मावशी म्हणाली. ‘खांद्याखालून घेतल्यात, नुसत्या मानेखाली नाहीत. कुणीतरी शिकलेली पोरगी होती हिच्याजवळ.’